अकरा कामट्या

मंगळीने बिडी सोडली ते साल चौऱ्याण्णव. त्या वैशाखात सूर्यमाळच्या खालच्या पाड्यांवर एका आठवड्यात तीन लग्नं होती, आणि तिसऱ्या लग्नात गाता गाता तिचा दम तुटला. खोकल्याची उबळ आली ती थांबेना. मागे बसलेल्या बायांनी तिची शेवटची ओळ चार-चार वेळा म्हणून वेळ निभावून नेली. कुणीतरी पाण्याचा तांब्या पुढे केला. डोळे पुसत मंगळीने पुढची ओळ उचलली खरी, पण त्यानंतर लग्न लागेपर्यंत ती प्रत्येक ओळीआधी थांबून श्वास घेत राहिली.

मंगळी धवलेरी होती. वारल्यांच्या घरचं लग्न धवलेरीच्या गाण्याशिवाय लागत नसे. भिंतीवर तांदळाच्या पिठाने देवीचा चौक लिहायचा, आणि त्याच्यापुढे बसून धवलेरीने देवीला हाक मारायची. मंगळीचं गाणं तिच्या आईकडून आलेलं होतं आणि फार लांब होतं. त्यात देवी आपल्या डोंगरावरून निघे, माळ उतरे, कारवीच्या रानातून वाट काढी, नदीवर येई, नदी ओलांडी, नाचणीच्या शेतांच्या बांधावरून चालत चालत मांडवाच्या दारात येई आणि मग चौकात बसे. गाणं जिथवर पोचलं असेल तिथवर देवी पोचलेली. शिकवताना आईने दोन अटी घातल्या होत्या. हे गाणं मांडवाबाहेर तोंडातून काढायचं नाही, आणि एकदा धरलं की अर्ध्यावर सोडायचं नाही.

"वाटंत उभी राहिलेली देवी ना तिच्या डोंगराची, ना आपल्या मांडवाची," आई म्हणायची. "तिचा शाप परवडला, तिचा उभा राहना नको."

म्हणून मंगळी घाबरली होती. आरोग्य उपकेंद्राच्या उज्ज्वला सिस्टरने बेडका तपासायला नेला, क्षय नाही म्हणून सांगितलं, आणि वर बजावलं, "मंगळीबाई, बिडी बंद. नाहीतर दोन वर्षांनी गाणं काय, घाटी चढून पाणीसुद्धा आणता येणार नाही."

बिडी बंद करणं इतकं सोपं नव्हतं. आपट्याचं पान आणि तंबाखू ती नवव्या वर्षापासून ओळखत होती. शिवाय धवलेरीला आमंत्रण बिडीनेच येई. लग्नघरची माणसं ओट्यावर येऊन बसत आणि काही न बोलता तिच्यापुढे एक बिडी ठेवत. तिने पेटवली की होकार. कानामागे खोचली की 'बघते, सांगते'. हातच लावला नाही तर पाहुण्यांनी समजून उठायचं. आता बिडीच ओढायची नाही, तर हो म्हणायचं कसं?

वाट काढली कमलेशने. हा तिचा थोरला मुलगा, खोडाळ्याच्या शाळेत शिक्षक होता. पाड्यातला पहिला मास्तर. दर शनिवारी जीपच्या टपावर बसून घरी येई. त्याने खिशातून गुटख्याची एक चकचकीत पुडी काढली आणि आईच्या हातावर ठेवली.

"हे बघ. धूर नाही, राख नाही, खोकला नाही. आमच्या केंद्रप्रमुखांनी सिगारेट सोडली ती यावरच. टीव्हीवर जाहिरात असते, लग्नातच खाताना दाखवतात."

"लग्नात?" मंगळीने पुडी नाकाशी नेली. "वास तं बरा हाय. देवीला चालंल."

"देवीला कशाला, तुला चालली म्हणजे झालं."

ढवळू, तिचा नवरा, अंगणात टोपली विणत होता. तो मान वर न करता म्हणाला, "आता धवलेरी शिकली. उद्या चष्मा लावंल."

पहिली पुडी तोंडात टाकली तेव्हा मंगळीला घेरी आली. उचक्या लागल्या, तोंडभर लाळ सुटली, आणि ओट्याच्या खांबाला धरून ती अर्धा तास बसून राहिली. पुढचा महिनाभर तिचे हाल झाले. बिडीची वेळ झाली की हात आपोआप कमरेच्या बटव्याकडे जाई. पोट साफ होईना. डोकं ठणके. ढवळूने बिडी पेटवली की त्याच्यावर ती असं खेकसायची की बिचारा गुरांच्या आडोशाला जाऊन ओढायचा. पुडीने हिरड्या चुरचुरत, गालाच्या आतलं साल निघे. ती मिठाच्या पाण्याने चूळ भरी आणि परत पुडी फोडी. सिस्टरला पुडीबद्दल तिने सांगितलं नाही. विचारलं तेव्हा एवढंच म्हणाली, "बिडी सोडली," आणि ते खरंच होतं.

पण खोकला गेला. दोन महिन्यांत छातीतली घरघर थांबली. पुढच्या चैत्रात तिने पहिलं लग्न गायलं तेव्हा बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. आवाज असा सुटला होता की खालच्या पाड्यातली माणसं कुंपणाशी येऊन उभी राहिली. डोंगरावरून निघालेली देवी त्या वर्षी कुठेही अडखळली नाही. नदीच्या ओळीला मोठी हाक असते, तोंड पूर्ण उघडून, एका दमात पलीकडच्या काठापर्यंत नेण्याची. ती हाक मंगळीने त्या मोसमात अकरा वेळा मारली आणि अकराही वेळा दम उरला. त्या साली ज्यांची लग्नं लागली ती जोडपी आता म्हातारपणाकडे झुकली, पण त्या आवाजाची आठवण अजून काढतात.

आमंत्रणाची रीत मंगळीने स्वतःच बदलली. "बिडी नको, पुडी ठेवा," तिने सगळ्यांना सांगून टाकलं. "फोडली की हो." माणसांना गंमत वाटली. पुड्या माळेने मिळत, तोडून एक ठेवायची म्हणजे कंजूषपणा दिसायचा, म्हणून सगळे अख्खी माळच आणू लागले. मोसमात तिच्या ओट्याच्या खांबाला लाल-सोनेरी माळा लटकत. वाऱ्याने त्यांची सळसळ होई. आल्यागेल्याला कळे की धवलेरीला किती घरं बोलावून गेली. गौरा, तिची धाकटी लेक, तेव्हा बारा-तेरा वर्षांची होती. ती त्या माळा मोजून शाळेत सांगायची.

तोंड पहिल्यांदा कधी भाजलं ते मंगळीला नेमकं सांगता आलं नसतं. आधी मिरचीचा ठेचा लागेना. मग साधं तिखटही नको झालं, भाजी वेगळी काढावी लागली. तिला वाटलं उन्हाळ्याचं असेल. उन्हाळ्यात झरा आटे, टँकर दोन दिवसांआड येई, प्यायला मोजून पाणी. जळत्या तोंडाने ती हंड्याजवळ जाई आणि हंड्यात बघून परत येई. मग गालांच्या आत दोरीसारखं काहीतरी ताठ लागू लागलं. भाकरीचा घास लहान झाला. अठ्ठ्याण्णवच्या मोसमात नदीची हाक मारताना तिचा जबडा मध्येच अडला. हाक निघाली, पण दारात अडकलेल्या म्हशीसारखी. बायांपैकी कुणाच्या लक्षात आलं नाही. मागे बसलेल्या गौराच्या आलं.

"आये, तुझा तोंड उघडत नाय?"

"उघडतो. तू गाना ऐक."

गौरा ऐकतच होती. मंगळीचं गाणं पुढे तिच्याकडे जायचं होतं. पण मांडवाबाहेर गायचं नाही या अटीमुळे शिकणं लग्नालग्नांतच व्हायचं, आणि गौरा आश्रमशाळेत असल्याने वर्षाला दोन-तीनच लग्नं तिच्या वाट्याला येत. डोंगर आणि माळ तिला पाठ झाले होते. कारवीचं रान अर्धंमुर्धं. नदी आणि पलीकडचं तिला येत नव्हतं.

शेवटी कमलेशच आईला जव्हारला घेऊन गेला. डॉक्टरांनी तिला तोंड उघडायला सांगितलं आणि आपली बोटं उभी धरून दातांमध्ये घालून पाहिली. तीन बोटं जायला हवीत. दीडसुद्धा जाईना.

"काय खाता?"

मंगळीने कमलेशकडे पाहिलं. कमलेशने भिंतीवरच्या तक्त्याकडे.

"पुडी," ती म्हणाली. "खोकल्याकरता."

डॉक्टरांनी तिच्यापुढे स्टूल ओढलं. मग त्यांनी नीट समजावून सांगितलं. गालाच्या आतलं मांस सुपारीने आवळून गेलं आहे. जे आवळलं ते सहसा सुटत नाही. पुडी आज बंद केली तर कदाचित आणखी आवळणार नाही. गोळ्या देतो, नाशिकला दाखवा, पण फार आशा धरू नका. आणि एक व्यायाम सांगितला. आइस्क्रीमच्या चपट्या काड्या एकावर एक ठेवून दातांत घालायच्या, दिवसातून पाच वेळा, आणि जमेल तशी एकेक काडी वाढवायची.

"मला वाटलं, आपण बिडी सोडवतोय..." कमलेश बाहेर आल्यावर म्हणाला आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीच्या घड्या घालत राहिला.

"तू काय भरवलंस का मना?" मंगळी म्हणाली. "चल, जीप भरंल."

सूर्यमाळला आइस्क्रीमच्या काड्या कुठून मिळणार? ढवळूने बांबू चिरला आणि कामट्या काढल्या. एकसारख्या, बोटभर लांब, पातळ, कडा घासून गुळगुळीत केलेल्या. वीस कामट्या करून त्याने दोरीत ओवल्या. पहिल्या दिवशी सात गेल्या.

"सात," ढवळू म्हणाला. "माझ्या आयशीला एवढेच दात होते, तरी बोंबलायची गावभर."

मंगळीला हसू आलं, आणि हसल्यावर गाल फाटल्यासारखे झाले.

पुडी सोडणं बिडी सोडण्यापेक्षा वाईट निघालं. या वेळी बदल्यात काही नव्हतं. ती बडीशेप चघळी, आवळ्याची वाळकी फोड गालात धरी, तीही झोंबे. रात्र रात्र डोळा लागेना. लग्नघरच्यांनी आणलेल्या माळा ढवळूने खांबावरून काढून गुरांच्या बेड्यात टाकल्या. आमंत्रणं आली तर ती हात लावत नसे, आणि माणसं उठून दाभोशाच्या कोंडीकडे जात. कोंडी म्हातारी होती, तिचं गाणं वेगळं होतं, त्यात देवी समुद्राकडून येई. हळूहळू लोक थेट तिकडेच जाऊ लागले.

मंगळी कामट्या घाली. पहाटे, न्याहारीआधी, दुपारी, दिवेलागणीला, निजताना. सातच्या आठ झाल्या, चार महिन्यांनी नऊ. डोळ्यांतून पाणी येई तरी ती शंभर मोजी. गौराचं लग्न ठरलं तेव्हा दहा झाल्या होत्या. मुलगा खोडाळ्याजवळच्या पाड्यातला, एसटीच्या वर्कशॉपमध्ये होता. आपल्या लेकीचा चौक आपण गायचा, ही मंगळीच्या आईची रीत. मंगळीच्या लग्नात आईनेच गायलं होतं.

"अकरा झाल्या की नदीची हाक निघंल," ती ढवळूला म्हणाली. तिने तो हिशेब कसा केला देव जाणे.

माघात अकरावी कामटी गेली. ढवळूने ती स्वतः सरकवली, हलक्या हाताने, जशी शेवटची पट्टी टोपलीत बसवतात. मंगळी दातांत अकरा कामट्या धरून अंगणभर हिंडली. शेजारच्या रामीला दाखवून आली. बोलता येत नव्हतं, बोटांनी दाखवलं. रामी म्हणाली, "बया, शेळीवानी दिसतंस," आणि दोघी खोकेपर्यंत हसल्या.

फाल्गुनात मुलाकडची माणसं आमंत्रण द्यायला आली. धवलेरी मुलीची आई असली तरी बोलावणं रीतसर हवं. सात-आठ जण ओट्यावर बसले. मुलाच्या चुलत्याने पिशवीतून माळ काढली, नवी, अखंड, आणि मंगळीच्या पुढ्यात ठेवली. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. मंगळी धवलेरीला पुडी ठेवतात हे मोखाड्यापासून जव्हारपर्यंत माहीत होतं. हात लावला नाही तर काय समजायचं, तेही सगळ्यांना माहीत होतं.

कमलेश पुढे झाला. "तिला चालत नाही आता. डॉक्टरांनी..."

"म्हणजे?" चुलता म्हणाला. तो रागावला नव्हता, गोंधळला होता. "गानार नाय का आयस?"

ढवळूने बटव्यातून बिडी काढून पुढे केली. "ही घे. जुनी रीत."

"ती तं तुमच्या घरची झाली, व्याही," चुलता हसून म्हणाला. "आमच्याकडचा काय?"

दारात गौरा उभी होती. मंगळीने तिच्याकडे पाहिलं. दहा महिने त्या पुडीला तिने बोट लावलं नव्हतं. एकच, तिच्या मनात आलं. एका पुडीने काय होतंय. तिने माळेतली पहिली पुडी तोडली, दाताने फाडता येईना म्हणून नखाने फाडली, आणि तोंडात रिकामी केली. ओट्यावर सगळ्यांनी 'हां' म्हणून सुस्कारा सोडला.

उरलेली माळ घरातच राहिली. पाहुणे गेल्यावर ढवळू ती बेड्यात टाकायला निघाला, तर मंगळी म्हणाली, "राहू दे. लग्नघर हाय, कुना देता येईल." दुसऱ्या दिवशी माळेत तीन कमी होत्या. ढवळूने मोजल्या आणि माळ परत जागेवर ठेवली. होळीपर्यंत माळ संपली. मग तिने रामीच्या सुनेकडून एक मागून आणली. तोंडाच्या आत फोड आले, कामट्यांच्या कडा लागून ते फुटले, आणि व्यायाम दिवसातून एकदा, मग एक दिवसाआड झाला. वैशाखात लग्नाच्या आदल्या दिवशी ढवळूने दोरी आणली.

नऊ गेल्या. दहावी त्याने लावून पाहिली आणि काढून घेतली.

"कोंडीला बोलवू," तो म्हणाला. "जीप पाठवतो दाभोशाला."

"माझी लेक. माझा चौक." नऊ कामट्यांच्या तोंडाने ती एवढंच म्हणाली.

सकाळी मांडवात चौक लिहून झाला. तो लिहिणाऱ्या सवाष्णी दूर सरकल्या. मंगळी चौकापुढे बसली, मागे बाया, उजवीकडे पिवळ्या लुगड्यातली गौरा. कमलेश मांडवाच्या खांबाशी उभा होता, जव्हारहून आणलेल्या बँडवाल्यांना हाताने थांबवून. मंगळीने डोळे मिटले आणि डोंगरावरून देवीला उठवलं.

आवाज होता. बायांनी ओळ उचलली. देवी माळ उतरली. शब्द दातांमागून येत होते, जाडसर, पण येत होते, आणि बायांना ते आधीपासून अर्धेमुर्धे माहीत होते. कारवीच्या रानात गाणं खाली जातं, तिथे तोंड फार उघडावं लागत नाही. मंगळीला वाटलं, जमतंय. तिने मांडीवर ठेवलेल्या हाताने गौराचा हात धरला.

नदीवर देवी थांबते आणि धवलेरीने पलीकडून हाक मारायची असते. मंगळीने छाती भरून श्वास घेतला. छातीत दम होता, बिडी सोडल्यापासूनचा सगळा दम होता. तिने जबडा उघडला आणि तो नऊ कामट्यांवर अडला. तिने जोर लावला. गालात काहीतरी तडकलं, तोंडात रक्ताची चव आली, आणि हाकेच्या जागी घशातून एक बारीक, शीळ घातल्यासारखा आवाज निघाला. तिने परत छाती भरली. परत तेच. बायांना उचलायला काही मिळेना. त्यांनी आधीची ओळ म्हटली, मग परत म्हटली, मग एकेक करून गप्प झाल्या.

"आये," गौरा हळूच म्हणाली. "पुढचा सांग. मी म्हनते."

मंगळीने तिच्या कानाशी तोंड नेलं आणि सांगायचा प्रयत्न केला. पण ते शब्द तिला कधी नुसते बोलून माहीतच नव्हते, ते हाकेबरोबरच यायचे. हाक नाही तर शब्दही नाहीत. ओठ हलले. गौराच्या गालावर थोडं रक्त लागलं.

मग रामीने लग्नातलं एक साधं गाणं धरलं, हळदीचं, सगळ्यांना येणारं. बायांनी ते जोरात उचललं. कमलेशने बँडवाल्यांना खूण केली. तांदूळ पडले. मुलाचा चुलता सगळ्यांना हसून सांगत होता, "झाला, झाला, चांगला झाला." आणि खरंच कुणाला काही वाईट वाटलं नव्हतं. जेवणं झाली, नाच झाला. एका पाहुणीने जाताना मंगळीला म्हटलं, "बाय, तुझा गाना आयकला. अजून तसाच गोड."

दुपारी जीप निघाली. जीपचा रस्ता गाण्यातल्या त्याच नदीवरून होता. गौराने आईला मिठी मारली आणि कानात विचारलं, "आये, देवी कुठं राहिली?"

मंगळीने तिला जीपमध्ये बसवलं आणि दार लावलं.

त्यानंतर मंगळीच्या ओट्यावर कुणी माळ आणली नाही. कोंडी दुसऱ्या पावसाळ्यात गेली. लग्नं कॅसेटवर, बँडवर लागू लागली, काही घरी भटजी येऊ लागला. पुडी मंगळीने अखेर सोडली ती गिळता येईना म्हणून. कामट्यांची दोरी खुंटीवर होती. नवाच्या आठ झाल्या, आठाच्या सहा, मग तिने घालायच्या बंद केल्या. ती पेज प्यायची, वाटीच्या कडेने, चोखून. नदीवर धुणं धुवायला जायची तेव्हा अलीकडच्या काठावर बसायची, आणि पलीकडे जायचं काम असलं तर रामीला सांगायची.

एका संध्याकाळी ढवळू आपट्याचं पान वळत ओट्यावर बसला होता. तिने हात पुढे केला. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग ती वळलेली बिडी तिच्या हातावर ठेवली. मंगळीने ती दातांमध्ये धरली. बिडी बारीक होती, बसली.

ढवळूने काडी ओढली. "आमंतरन कुनाचा?"

"कुनाचा नाय," ती दातांमागून म्हणाली. "पेटव."